थेरपिस्ट म्हणून प्रॅक्टिस करते, पण आतून सतत वाटतं आपण नुसतं नाटक करतोय. कुणाला होतं का असं? आणि गेलं का?

तिसरी_खुर्ची:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यातून एमए, मग काही वर्षं एका कॉलेजात काउन्सेलर होते, आता चिंचवडला एका पॉलिक्लिनिकमध्ये संध्याकाळची केबिन भाड्याने घेऊन स्वतःची प्रॅक्टिस सुरू केलीय. (सकाळी तिथे फिजिओथेरपीवाले बसतात, त्यामुळे माझ्या क्लायंटला समोर मणक्याचा प्लॅस्टिकचा सांगाडा बघत रडावं लागतं, पण तो विषय वेगळा.)

क्लायंट बऱ्यापैकी येतात. आयटीवाले, दहावी-बारावीच्या मुलांच्या आया, पॅनिक अटॅकवाले, नवीन लग्न झालेली जोडपी. बाहेरून बघाल तर सगळं व्यवस्थित चाललंय. पण कुणी म्हणालं "मॅडम तुमच्यामुळे खूप फरक पडला" की माझ्या डोक्यात लगेच, मी काय केलं, तो तसाही बरा होणारच होता, नाहीतर सायकिॲट्रिस्टच्या गोळ्या लागू पडल्या असतील. आणि कुणी तिसऱ्या सेशननंतर यायचं बंद केलं, मेसेजला ब्लू टिक आणि उत्तर नाही, की मात्र शंभर टक्के माझ्यामुळेच. हा असा उलटा हिशोब क्लायंट करतो तेव्हा मी दोन मिनिटांत पकडते, त्याला थॉट रेकॉर्ड (मनातला विचार लिहून तो कितपत खरा ते तपासायचा तक्ता) भरायला देते, आणि स्वतःवर त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

सगळ्यात जास्त होतं ते वयाने मोठी माणसं येतात तेव्हा. एक काका येतात, रिटायरमेंटच्या जवळ आलेले, पहिल्याच दिवशी बसल्या बसल्या "तुमचं लग्न झालंय का हो?" झालं, माझा आवाज पाचवीतल्या मुलीचा. मग ते बोलायचे थांबले की मला घाम, की आता मी काहीतरी भारी बोलायला हवं, खऱ्या थेरपिस्टला इथे काय बोलायचं ते माहीत असतं. ही खरी थेरपिस्ट कोण ते मला माहीत नाही पण ती मी नाही एवढं नक्की.

मग कोर्स, थेरपीच्या वेगवेगळ्या पद्धतींचे. सीबीटीचं झालं, डीबीटीचं झालं, ट्रॉमाचं झालं, आता ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून ट्रॉमावर काम करायची पद्धत) करू का असा विचार चाललाय. प्रत्येक सर्टिफिकेट आलं की पंधरा दिवस बरं वाटतं. फी वाढवायचं तर नावच नको, समोरच्याने विचारायच्या आधीच मी कमी करून सांगते.

यातून तुम्ही कसे बाहेर आलात ते सांगा. प्लीज "स्वतःवर विश्वास ठेव" नको, ते आईने सांगून झालंय. आणि माझा मुख्य प्रश्न हा आहे की मी खरंच चांगली नसेन तर? ते मला कळणार कसं? म्हणजे ज्याला उगाच वाटतं त्यालाही असंच वाटणार आणि जो खरोखरच कच्चा आहे त्यालाही असंच वाटणार ना.

अर्धवट_फ्रॉइड:

हे मी झोपेत लिहून पोस्ट केलं का? शप्पथ, कोर्सपर्यंत सगळं सेम. माझ्याकडे सर्टिफिकेटची अख्खी फाइल आहे आणि सेशनच्या आधी तरी पोटात गोळा येतोच. एक निरीक्षण सांगतो, मला कॉलेजच्या नोकरीत हे इतकं नव्हतं, कारण तिथे स्टाफरूम होती, कुणी ना कुणी असायचं, "अरे तो मुलगा आज परत उठून गेला" एवढं बोललं तरी हलकं व्हायचं. प्रायव्हेट प्रॅक्टिसमध्ये दार बंद, आपण आणि क्लायंट, आणि जे झालं ते कुणाला सांगताही येत नाही. शेजारच्या थेरपिस्टची फक्त इन्स्टाची रील दिसते. तिचे फसलेले सेशन कुठे दिसतात आपल्याला.

उपाय माझ्याकडे नाही, मी पण उत्तरं वाचायला बसलोय.

मावशी_नागपूरकर:

अगं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण खरा प्रश्न तोच आहे, बाकीचं सगळं त्याच्या अवतीभवती. (ओळख म्हणून सांगते, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, अर्धं आयुष्य सरकारी दवाखान्यात गेलं, आता फक्त सुपरव्हिजन करते, म्हणजे दुसऱ्या थेरपिस्टांचं काम ऐकून त्यांना मार्गदर्शन.)

तुला आतून काय वाटतं त्यावरून तू चांगली की वाईट हे कळणारच नाही. कुणालाच कळत नाही. २०१२ मध्ये वॉलफिश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रायव्हेट प्रॅक्टिस करणाऱ्यांना विचारलं की बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही किती चांगले, तर सरासरीच्या खाली आहे असं म्हणणारा एकसुद्धा निघाला नाही आणि चारातला एक तर स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवून मोकळा. २००५ मध्ये हॅनन, लॅम्बर्ट वगैरे मंडळींनी थेरपिस्टांना सांगितलं की तुमच्या क्लायंटपैकी कुणाची तब्येत थेरपी चालू असून बिघडेल ते आधीच सांगा. ५५० क्लायंट होते. थेरपिस्टांनी बोट ठेवलं तिघांवर. बिघडले चाळीस, आणि त्या तिघांतला एकच त्यात होता. तेव्हा "मला छान जमतंय" हे वाटणं जितकं कुचकामी तितकंच "मला काहीच येत नाही" हे वाटणंही कुचकामी, दोन्हीवरून काम मोजता येत नाही. हे एकदा नीट डोक्यात शिरलं की निम्मा त्रास तिथेच जातो, कारण मग तू त्या वाटण्याशी वाद घालत बसत नाहीस, काम बघतेस.

आता तुझा हिशोब. क्लायंट बरा झाला तर तो तसाही होणारच होता म्हणतेस, यात थोडं तथ्य आहे बरं का. लॅम्बर्टने १९९२ मध्ये एक ढोबळ अंदाज मांडला होता, काटेकोर गणित नाही पण दिशा कळते, की सुधारणेतला साधारण ४० टक्के भाग थेरपीबाहेरच्या गोष्टींचा, म्हणजे नोकरी मिळाली, नवरा जरा समजून घेऊ लागला, माणूस मुळातच चिवट होता असल्या. ३० टक्के नात्याचा, १५ टक्के आपण बरे होऊ या आशेचा, आणि तंत्राचा उरला १५ टक्के. आता दोन गोष्टी बघ. एक, बाहेरच्या गोष्टी बरं व्हायला कारण असतात तर सोडून जायलाही असतात, तिथे मात्र तू त्यांना मोजतच नाहीस. शिफ्ट बदलली, पैसे संपले, सासूने विचारलं दर गुरुवारी कुठे जातेस. स्विफ्ट आणि ग्रीनबर्गनी ६६९ अभ्यास एकत्र करून बघितले तर सरासरी पाचातला एक क्लायंट थेरपी अर्धवट सोडतो. त्या पाचव्याचा दरवेळी तेरावा घालत बसू नकोस. दुसरं, तू कोर्स करून करून त्या १५ टक्क्यांवर सगळे पैसे घालतेयस. ईएमडीआर वाईट नाही, पण तुझं दुखणं ते नाही.

मग काम बघायचं कसं. पीएचक्यू-९ (डिप्रेशन मोजायची प्रश्नावली) आणि जीएडी-७ (ॲन्झायटीची) दर तीनचार सेशनला भरून घे, मराठीत आहेत, पाच मिनिटं लागतात. पीएचक्यू नऊ प्रश्नांचा, ० ते २७, आकडा जास्त तितका त्रास जास्त, जो माणूस १९ वर आला होता तो दोन महिन्यांनी ११ वर असेल तर काहीतरी होतंय, कुणामुळे ते सोड. आणि १९ चा २२ झाला असेल तर तेही तुला लवकर कळेल, वर सांगितलेल्या चाळिसांसारखं नजरेतून सुटणार नाही. दुसरं, सेशन संपताना विचारायचं. स्कॉट मिलरच्या मंडळींची चार रेघांची पट्टी आहे, सेशन रेटिंग स्केल, ऐकून घेतलं का, हवं त्यावर बोललो का, पद्धत पटली का, एकूण कसं वाटलं. तिकडे ४० पैकी ३६ च्या खाली आलं की थांबून बोला म्हणतात. आपल्याकडे गंमत अशी की लोक भिडेखातर सगळीकडे १० देतात, मॅडमला वाईट नको वाटायला. म्हणून मी शिकाऊ मुलींना सांगते, "कसं वाटलं" विचारूच नका, "आजच्या तासातला कुठला भाग फुकट गेला" असं विचारा. भाग फुकट गेला हे गृहीत धरूनच विचारायचं, मग माणसं बोलतात.

काकांचं. ते तुझी परीक्षा घेत नाहीयेत, त्यांना भीती आहे की ही पोर माझं समजून घेईल का. "माझा संसार तुमच्याएवढा मुरलेला नाही, त्यामुळे मला जरा नीट उलगडून सांगावं लागेल तुम्हाला" एवढं म्हण आणि गप्प बस. वय लपवू नकोस, आवाज जाड करू नकोस.

विक्रोळीकर:

मी थेरपिस्ट नाही, गिऱ्हाईक आहे. बोललं तर चालेल ना? तीन थेरपिस्ट झाले माझे एवढ्या वर्षांत, ॲन्झायटीसाठी. पहिले सर फार मोठे, भिंतभर फ्रेमा, मी अर्धं वाक्य बोललो की पुढचं तेच बोलायचे. बरोबरच बोलायचे बहुतेक वेळा पण मला वाटायचं मग मी आलो कशाला. दुसऱ्या मॅडम तुमच्यासारख्या, नवीन. माणूस म्हणून एकदम चांगल्या, पण दर दहा मिनिटांनी "बरं वाटतंय ना? हे पटतंय ना? मी फार बोलतेय का?" आणि मी आपला "नाही नाही मॅडम, खूप छान." काही महिन्यांनी लक्षात आलं की मी ट्रेनमध्ये ठरवून जातोय की आज त्यांना काहीतरी सुधारणा सांगायची, बिचाऱ्या खूश होतील. म्हणजे फी मी भरतोय आणि धीर पण मीच देतोय. सोडून दिलं. मेसेजला उत्तर पण दिलं नाही हो, काय लिहिणार, तुमचं टेन्शन मला झेपत नाही असं?

तिसऱ्या मॅडमकडे अजून जातो. त्यांना मी एकदा झोपेच्या गोळ्यांबद्दल काहीतरी विचारलं तर सरळ म्हणाल्या, हे मला माहीत नाही, माझं क्षेत्र नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारून पुढच्या वेळी बोलू. आणि पुढच्या वेळी खरंच विचारून आल्या होत्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही बाई जे सांगते ते खरं सांगते.

मुद्दा एवढाच की तुम्हाला शंका आहे हे आम्हाला चालतं. ती आम्ही मिटवावी अशी अपेक्षा नको.

(आणि मावशींनी तो फुकट गेलेल्या भागाचा प्रश्न सांगितलाय तो झकास आहे, मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.)

स्पष्टवक्ता_सातारा:

सगळे गोड बोलतायत म्हणून मी जरा कडू बोलतो. हल्ली कुणालाही कशातही धाकधूक झाली की इम्पोस्टर सिंड्रोम. डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, हा आजार म्हणून नाहीये. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्सनी १९७८ मध्ये हे मांडलं ते दीडशेहून जास्त कर्तबगार बायकांच्या अनुभवावरून, ज्यांच्याकडे डिग्र्या होत्या, हुद्दे होते, लोक वाखाणत होते आणि तरी त्यांना वाटायचं आपण सगळ्यांना फसवलंय. म्हणजे पुरावा हातात असून वाटतं त्याची ही गोष्ट आहे. पुरावाच नसेल तर त्याला सिंड्रोम म्हणत नाहीत, त्याला म्हणतात अजून शिकायचंय.

आणि आपल्याकडे पुरावा मागतो कोण? आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) बघते क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. बाकी काउन्सेलरची पाटी कुणीही लावतो, दोन वीकेंडचा ऑनलाइन कोर्स केला की नावापुढे "माइंड कोच". २०२१ चा अलाइड हेल्थवाला कायदा आला, त्यात सायकॉलॉजिस्ट-काउन्सेलर धरलेत, पण आमच्या गावातल्या पाट्यांवर अजून त्याचा काही परिणाम दिसत नाही. त्या माइंड कोच लोकांना बघा, एकालाही इम्पोस्टर सिंड्रोम नाही. सगळे निवांत.

तेव्हा ताई, राग मानू नका, पण "वाटतं"वाली चर्चा सोडा आणि हे सांगा. क्लायंटच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत असा संशय आला तर तुम्ही त्याला थेट त्या शब्दांत विचारता का, की आडून आडून? सेफ्टी प्लॅन, म्हणजे तसा विचार आला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा ते, लिहून घेता येतो? रात्री गडबड झाली तर कुणाकडे पाठवायचं हे आधी ठरलेलं आहे, एक सायकिॲट्रिस्ट ज्याला तुम्ही फोन करू शकता? अल्पवयीन मुलीने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे, तिथे गुप्तता संपते, हे पालकांना आणि मुलीला पहिल्याच दिवशी सांगता का? नोट्स लिहिता का आणि त्या कुलपात असतात का, की पॉलिक्लिनिकच्या रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये? सायकोसिस, बायपोलर, दारूचं विथड्रॉवल (दारू एकदम थांबवल्यावर होणारा त्रास) हे ओळखून पुढे पाठवता येतं का? यातल्या कशाला "नाही" असेल तर तेवढं शिकून घ्या, शंका बरोबर होती. सगळ्याला "हो" असेल तर मग इथे चहा घ्या आणि कामाला लागा.

अर्धवट_फ्रॉइड:

@स्पष्टवक्ता_सातारा सर, मुद्दे बरोबर आहेत पण सूर असा की मला माझ्या व्हायवाची आठवण आली. जी माणसं इथे येऊन असा प्रश्न विचारतात ती बहुतेक वेळा हे सगळं करत असतात. ज्यांना हे विचारायला हवं ते रील बनवण्यात बिझी आहेत.

मावशी_नागपूरकर:

साताऱ्याचे पाहुणे, यादी चांगली आहे, मी माझ्या मुलींना छापून देईन. पण एक भर घालते. शंका म्हणजे फक्त शिक्षण कमी असल्याची खूण असंही नाही. नॉर्वेत नीसेन-ली आणि तिचे सहकारी यावर बरीच वर्षं काम करतायत, त्यांच्या अभ्यासात असं दिसलं की जे थेरपिस्ट आपल्या कामाबद्दल शंका घेतात त्यांच्या क्लायंटना उलट जास्त फायदा होतो, त्यातही जे माणूस म्हणून स्वतःशी बऱ्यापैकी दयेने वागतात त्यांच्या. म्हणजे "या केसमध्ये मी काहीतरी चुकतेय का" ही शंका हवीच. "मी माणूस म्हणूनच फसवी" ही नको. आपली पोरगी दोन्ही एकाच पातेल्यात शिजवतेय, त्यामुळे पहिलीचा उपयोग होत नाही आणि दुसरी उतू जाते.

ठाणेकर_विवेक:

मावशींचा मुद्दा म्हणजे शुद्ध एलिस! मी आरईबीटीवाला, म्हणजे अल्बर्ट एलिसने काढलेली थेरपी करणारा, त्यामुळे राहवत नाही. कामाला मार्क द्या, माणसाला देऊ नका. आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून हे शास्त्र इकडे रुजवलं आणि तरी आपण थेरपिस्ट लोक क्लायंटला "स्वतःचं मूल्यमापन करू नका" असं शिकवून घरी जाऊन स्वतःला शून्य मार्क देतो.

तिसरी_खुर्ची, तुमच्या पोस्टमध्ये मला तीन "च" दिसले. मला उत्तर आलंच पाहिजे, क्लायंट बरा झालाच पाहिजे, त्याला मी आवडलेच पाहिजे. हे "च" वही-पेनाने जात नाहीत, म्हणूनच थॉट रेकॉर्डचा उपयोग होत नाहीये. ते अंगावर घ्यावं लागतं. एलिस स्वतःची गोष्ट सांगायचा, १९ वर्षांचा होता, मुलींशी बोलायला थरथरायचा, म्हणून ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन महिनाभर बाकावर बसलेल्या बायकांशी आपणहून बोलला, शंभर जणींशी. डेट ठरली एकीशी आणि तीही आली नाही. पण एवढ्या वेळा नाही ऐकूनही आभाळ कोसळलं नाही म्हटल्यावर भीती पळाली.

तुमच्यासाठी याचं रूप असं, की या आठवड्यात जिथे खरंच माहीत नाही तिथे एकदा तरी मुद्दाम "मला माहीत नाही" म्हणा, पुढे "पण" न लावता. शांतता झाली की घड्याळाकडे न बघता ती राहू द्या, समोरचा बोलेपर्यंत. आणि पुढच्या नव्या क्लायंटला ठरलेली फी सांगून तोंड मिटा. फी सांगितल्यावरची ती चार सेकंदं असतात ना, तीच खरी एक्सरसाइज, तिथेच आपण "पण तुम्हाला जमत नसेल तर" घालतो. ज्याला खरंच परवडत नाही तो विचारेल, त्याच्यासाठी महिन्याला एकदोन जागा कमी फीच्या ठेवा, पण त्या तुम्ही ठरवून ठेवलेल्या हव्यात, घाबरून दिलेल्या नकोत.

तिसरी_खुर्ची:

बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी. थँक्यू. एकेकाला उत्तर देते.

साताऱ्याचे दादा, राग नाही आला, खरं तर यादी बघून पहिल्यांदा बरं वाटलं कारण मी पेन घेऊन बसले आणि टिक करत गेले. आत्महत्येबद्दल थेट विचारते, विचारल्याने विचार येतात हे खोटं आहे हे कॉलेजातच शिकवलं होतं. सेफ्टी प्लॅन लिहून घेते, त्यावर टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ नंबर टाकते. सायकिॲट्रिस्ट ठरलेले आहेत, पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये. पॉक्सोचं सांगते. नोट्स घरी कपाटात कुलपात. दारूच्या विथड्रॉवलचं मात्र कच्चं आहे, म्हणजे पुस्तकात वाचलंय, समोर आलं तर ओळखेन का माहीत नाही. ते त्या सायकिॲट्रिस्ट मॅडमकडे जाऊन शिकणार आहे, एखाद्या दिवशी ओपीडीत बसू देतात का विचारते. ईएमडीआर कॅन्सल.

विक्रोळीकर, तुमचं वाचून मी जरा वेळ मोबाइल बाजूला ठेवला. "पटतंय ना?" हे मी बोलते. खूप बोलते. मला वाटायचं ही नम्रता आहे. आणि मग जे मेसेजला उत्तर देत नाहीत त्यांच्यावर मी मनात चिडलेली असते.

मावशी, तो फुकट गेलेल्या भागाचा प्रश्न एका क्लायंटला विचारला. एक क्षण बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फुकट असं नाही, पण तुम्ही 'समजतंय मला' फार लवकर म्हणता, मला अजून सांगायचं असतं." मी विचारलं, मग काय सांगायचं राहिलं? तर पुढची पंधरा मिनिटं जे बोलल्या ते इतक्या महिन्यांत आलं नव्हतं. वेळ संपून गेली, बाहेर पुढचे क्लायंट सांगाड्याकडे बघत बसलेले. घरी येताना पोट दुखलं नाही असं नाही, दुखलंच, पण या वेळी कशामुळे ते माहीत होतं.

फीचं अजून नाही जमलेलं. ठाणेकर, चार सेकंदं म्हणता, मला दीडच जमली.

आता प्रश्न सुपरव्हिजनचा. चिंचवडमध्ये मला कुणी माहीत नाही, आणि दर आठवड्याला सिनियरची फी देणं परवडणार नाही. आणि खरं सांगायचं तर सुपरव्हायझरसमोर जाऊन पण मी छान छान केसच सांगेन अशी भीती आहे.

मावशी_नागपूरकर:

दीड म्हणजे दीड, पुढच्या वेळी दोन.

पंधरा मिनिटांचं वाचून बरं वाटलं. पण त्या बाईंची ओळख पटेल असं इथे काही लिहू नकोस हां, आत्ता लिहिलंयस तेवढं ठीक आहे.

सुपरव्हिजनचं. महिन्यातून एकदा सिनियर आणि मधल्या आठवड्यांत तुमच्यासारख्याच चारपाच जणांचा पिअर ग्रुप, असं पुष्कळ जण करतात, खर्च झेपतो. छान केस सांगण्याचा रोग सगळ्यांना असतो, त्यावर माझ्याकडे नियम असा की केसची गोष्ट सांगायचीच नाही. जिथे अडकलात तेवढी दहा मिनिटं आणायची, क्लायंटची लेखी परवानगी असेल तर रेकॉर्डिंग, नाहीतर सेशन झाल्या झाल्या आठवेल तसं शब्दाला शब्द लिहून काढायचं, तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, तो काय म्हणाला. नावं-गावं बदलायची. दहा मिनिटांत फार लपवता येत नाही. आणि ग्रुपमध्ये "छान केलंस" म्हणायला बंदी, "इथे तू असं का म्हणालीस" एवढंच विचारायचं. पहिले दोन महिने सगळ्यांना एकमेकांचा राग येतो, मग कामाला लागतात.

अर्धवट_फ्रॉइड:

असा ग्रुप इथल्या लोकांचाच करूया का? ऑनलाइन. मी तयार आहे. @तिसरी_खुर्ची?

तिसरी_खुर्ची:

हो! गुरुवार संध्याकाळ?

ठाणेकर_विवेक:

मी आहे. गुरुवारी माझे क्लायंट साडेनऊपर्यंत असतात, मंगळवार बघा. आणि एका शहरातले दोघं असतील तर आधी एकमेकांना विचारून घ्या, कॉमन क्लायंट निघायला नको.

स्पष्टवक्ता_सातारा:

मलाही घ्या. मी रागवत नाही एवढं कुणाला.

अर्धवट_फ्रॉइड:

घेतो सर, पण दहा मिनिटं पहिल्यांदा तुम्ही आणायची.

रत्नागिरीची_पाहुणी:

एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे, अजून एकही क्लायंट बघितला नाही, इंटर्नशिप जूनपासून. मी नुसतं ऐकायला बसले तर चालेल का, की नाही चालणार?

मावशी_नागपूरकर:

नुसतं ऐकायला नाही. गोपनीयतेचं तुलाही सगळ्यांसारखंच लिहून द्यावं लागेल, आणि कॉलेजातल्या तुझ्या गाइडला विचारून ये. जूनमध्ये इंटर्नशिप सुरू झाली की तुझी पण दहा मिनिटं.